विनाथांबा मावशी

मावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नवरा होता तो तशी हाक मारायचा, तोही रागावला की. बाकी अख्ख्या गल्लीची, चर्चची आणि हॉस्पिटलातल्या तीन नंबरच्या वॉर्डची ती मावशीच. चर्चमधल्या गाणाऱ्या पोरींनी त्यात भर घालून तिला ‘विनाथांबा मावशी’ करून टाकलं. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती आठवडाभर फुगून बसली, आणि मग स्वतःच हसली. नवरा बसड्रायव्हर होता ना. त्यांनी जन्मभर प्रत्येक थांब्यावर गाडी उभी केली, मी त्यांची कसर भरून काढते, असं ती सांगत सुटली.

हे नाव पडलं रविवारमुळे. रविवारची सकाळची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, संपली की फादर तिच्या हातात एक सोनेरी डबी द्यायचे, खिशातल्या जुन्या घड्याळाएवढी. डबीत पवित्र भाकर. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ज्यांना जिना उतरवत नाही, अशा अकरा घरांत ती पोचवायची. कॅथलिक माणसाच्या लेखी त्या डबीत नुसती भाकर नसते, स्वतः प्रभू असतो, त्यामुळे ती नेण्याचे नियम ठरलेले. डबी कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात, आणि चर्चच्या दारापासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत नाकासमोर चालायचं. मध्ये बाजारहाट नाही, गप्पा नाहीत. हे काम करणारे आणखी दोघे-तिघे होते, पण ते नियम पाळायचे तो माणसांसारखा. ओळखीचं कुणी भेटलं तर मान हलवायचे, ‘येतो हं नंतर’ म्हणायचे. मावशीचं तसं नाही. उजवा हात छातीवर, नजर समोर, ओठ मिटलेले. एकदा खुद्द फादरच समोरून आले आणि त्यांनी काहीतरी विचारलं, तर ही बाई त्यांनाही ओलांडून गेली. फादर तिथेच उभे राहून हसले म्हणे. मला विचाराल तर त्यांनी तेव्हाच तिला चार शब्द ऐकवायला हवे होते.

पोटापाण्यासाठी ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसायची. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्या माणसांच्या कमरेला दोन बोटं वाढवून देणं. उरलेला वेळ सगळा चर्चचा. बुधवारी जुने कपडे निवडून गरजूंसाठी गाठोडी बांधायची, शुक्रवारी वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायची, शनिवारी दुपारी हॉस्पिटलात जाऊन ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्याजवळ बसायचं. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती फिरायची, आणि दिलेला शब्द कधी खाली पडू द्यायची नाही. लोक तिच्यावर जीव टाकायचे. आणि हे खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला ढोंगी म्हणाल, आणि ती ढोंगी कधीच नव्हती.

तिला एकच मुलगा. तो सात वर्षांचा असताना बाप गेला. पोरगा शहाणा निघाला, स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायला शिकला, किल्ली गळ्यात अडकवून शाळेत जायला शिकला. चर्चच्या साऱ्या वस्तीच्या कपड्यांना टाके घालणाऱ्या बाईच्या पोराच्या पँटला मात्र वर्षभर सेफ्टी पिन असायची. उद्या शिवते रे, असं ती म्हणायची, आणि उद्या कुणाच्या तरी घरी कुणीतरी आजारी पडायचं. ती पिन तिला अजून दिसते.

पोरगा वेदीवर फादरांच्या हाताखाली सेवा करायचा. रविवारी सगळं आटोपलं की आईबरोबर अकरा घरं फिरायचा, तिच्या दोन पावलं मागून, तोंड शिवून. घरी खेळतानासुद्धा तो औषधाची रिकामी डबी गळ्यात बांधून छातीवर हात ठेवून चालायचा. आठ वर्षांचा असताना त्याने शेजाऱ्यांच्या मांजरीला बादलीत धरून बाप्तिस्मा दिला. झालं होतं असं, की आदल्या रविवारी मावशीने धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं, जीव जायची वेळ आली आणि फादर यायला उशीर असला, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं, ठरलेले शब्द म्हणायचे, मनात खरी इच्छा असली की झालं. तिने स्वतः हॉस्पिटलात दोन तान्ह्या बाळांना तसा दिला होता. मांजर मरत होती का, असं तिने दरडावून विचारलं, तर पोरगा म्हणाला, आता नाही मरणार. ती तोंड फिरवून हसली आणि मग त्याला मांजरीच्या मालकांकडे माफी मागायला पाठवलं.

मोठा होऊन तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला. हळूहळू मिस्सेला यायचा थांबला. तिने ते तोंड दाबून सोसलं. मग एके दिवशी स्वयंपाकघरात, ती कुणाच्या तरी झग्याची किनार उसवत बसलेली असताना, त्याने सांगितलं की पुढच्या महिन्यात लग्न करतोय, नोंदणी कार्यालयात. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते, चर्चची नाही, आणि दोघांनाही चर्चमध्ये उभं राहायचं नाही. मावशीने कात्री खाली ठेवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणं दुसऱ्या दिवशी विसरता येतं. ती शांतपणे म्हणाली, “चर्चमध्ये लग्न करशील त्या दिवशी माझ्याशी बोलायला ये. तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही.” आणि ती शब्दाची पक्की होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो गेला. त्याच शहरात, नदीपलीकडे राहू लागला. दोन वर्षं गेली. मावशी रोज रात्रीच्या जपमाळेत त्याच्यासाठी दहा मण्यांचं एक दशक म्हणायची, आणि नंबर ठाऊक असूनही फोन करायची नाही. देवाला सांगितलंय ना, मग तो बघेल, असं तिचं म्हणणं. देवाच्या खांद्यावर ओझं टाकून आपण हात झटकायचे, याला श्रद्धा म्हणायचं की हट्ट, हे तिला तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. थंडी मरणाची होती, वारा नुसता कानात शिरत होता. मावशीने डबीची पिशवी गळ्यात घातली, वरून नवऱ्याचा जाड कोट चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. चर्चच्या फाटकातून बाहेर पडते तो समोर, भिंतीला टेकून, मुलगा उभा. दाढी वाढलेली, अंगात कामाचं जाकीट, डोळे तांबारलेले. दोन वर्षांनी पोरगा दिसला होता, वाळला होता.

“आई,” तो म्हणाला, “जरा थांब.”

एवढंच म्हणाला तो. मावशीचं पाऊल अडखळलं, हे खरं. पण छातीवरचा हात तसाच राहिला, ओठ मिटलेले राहिले, आणि ती त्याच्यासमोरून पुढे निघून गेली. तिने डोळ्यांनी खूण केली असं ती नंतर सांगायची, थांब म्हणून. केली असेलही. त्याला ती दिसली का, ते वेगळं.

अकरा घरं झाली. कुठे कमी बोलली नाही, कुठे एक प्रार्थना गाळली नाही. शेवटचं घर निवृत्त मास्तरांचं. तिथे डबी रिकामी झाली, म्हणजे नियम संपला. आता ती धावत सुटू शकत होती. मास्तरांनी चहाला बसवलं, ती बसली. त्यांनी दुसरा कप ओतला, तोही घेतला. दुपारी एकच्या सुमाराला ती फाटकाशी परतली तेव्हा भिंतीपाशी कुणी नव्हतं. रविवारी ती फोन बंद करून घरीच ठेवायची. घरी येऊन सुरू केला तर त्याचे पहाटेपासूनचे सात फोन येऊन गेलेले. तिने लावला, तो उचलला गेला नाही.

संध्याकाळी कोट खुंटीला अडकवताना तिच्या ध्यानात आलं. पिशवी कोटाच्या आत होती. त्याला ती दिसलीच नसणार. त्याला वाटलं असणार, आई आपला शब्द पाळतेय, आई बोलत नाही म्हणजे बोलतच नाही. अरे देवा, म्हणजे माझ्या पोराला वाटलं मी त्याला झिडकारलं.

त्या दिवसापासून ती पिशवी दिसेल अशी ठेवू लागली. पुढचे तीन रविवार कोटाची बटणं उघडी टाकून फिरली आणि खोकला ओढवून घेतला. तो पुन्हा फाटकाशी येईल, आज येईल, उद्या येईल, असा जीव टांगणीला लागलेला. महिन्याभराने नंबरच बंद झाला. तेव्हा कुठे ती लिफ्टच्या कंपनीत गेली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, त्याने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. तिने एक पत्र लिहून कारकुनाच्या हाती दिलं. पत्रात सगळी हकिगत नव्हतीच, चार ओळी होत्या, त्यातली मोठी ओळ हीच, की डबी कोटाच्या आत होती रे. उत्तर आलं नाही.

पापनिवेदनात तिने फादरांना कोटाची गोष्ट सांगितली. फादर म्हणाले, यात तुझा काय दोष, गैरसमज झाला. हे तिने घट्ट धरून ठेवलं. गैरसमज. थंडी होती, कोट होता, बटणं होती. चार वर्षं ती या कोटाला बोल लावत जगली. शेवटी कोटही गरजूंच्या गाठोड्यात घालून दिला.

काही महिन्यांपूर्वी दुकान बंद करायच्या वेळी एक तिशीतली बाई आत आली. मावशीने मान वर न करता पावतीसाठी हात पुढे केला. पावती आली नाही. बाई म्हणाली, मी तुमच्या मुलाची बायको. मावशीचा हात तसाच राहिला. मग तिने घाईघाईने स्टुलावरचे कपडे उचलले, स्टूल पुसलं, बस म्हणाली, पाणी देऊ का म्हणाली, पुन्हा बस म्हणाली. सून बसली. तिला दिवस गेलेले होते, सहावा-सातवा महिना असावा. मावशीचं लक्ष तिकडे गेलं आणि चेहरा उजळला. सुनेच्या ते लक्षात आलं.

त्याने मला पाठवलेलं नाही, असं तिने आधी स्पष्ट केलं. तिच्या माहेरच्यांकडे ती आली होती, परत जाण्याआधी हे सांगून टाकायचं होतं, मनात अढी ठेवून तिला हे मूल व्हायला नको होतं. हे दुसरं, ती म्हणाली. मावशीने विचारलं, पहिलं कुठंय?

मग सुनेने सांगितलं. फार सावकाश नाही, रडतही नाही, ज्याने एखादी गोष्ट पुष्कळदा मनात घोळवली आहे अशा माणसासारखं. पहिली मुलगी वेळेच्या दोन महिने आधी झाली. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. नवव्या दिवशी, रविवारी पहाटे, डॉक्टरांनी सांगितलं की आता फार वेळ नाही. तीच ती सकाळ. तेच हॉस्पिटल, जिथे मावशी दर शनिवारी जायची. आदल्या दिवशी दुपारीसुद्धा ती तिथेच होती, एक मजला खाली, एका परक्या म्हातारीचे केस विंचरत. पोरगा रात्रभर जागा होता, पहाटे म्हणाला, आईला आणतो. ती अशा वेळी काय करायचं ते जाणते. कुणाच्याही घरी जाते, आपल्याकडे नाही का येणार?

मावशी एवढंच म्हणाली. “पिशवी कोटाच्या आत होती गं. त्याला दिसली नाही. त्याला वाटलं मी बोलत नाही म्हणून...”

“त्याला दिसायची गरज नव्हती,” सून म्हणाली. “तुम्ही छातीवर हात ठेवून येताना बघूनच त्याने ओळखलं. त्याला सगळं माहीत होतं.”

सून थांबली नाही.

“तुमचं पत्र आलं तेव्हा मीही हेच म्हटलं, बघ, त्यांना वाटलं तुला कळलं नाही. तर तो म्हणाला, मला कळलं होतं. तिच्याजवळ देव होता, म्हणून तर मला वाटलं ती थांबेल.”

दुकानात शिलाई मशीनवरचा दिवा तेवढा चालू होता. मावशीने तो उगाचच बंद केला, मग पुन्हा लावला. चार वर्षं उराशी धरलेला कोट गेला, आणि त्याच्याखाली झाकून ठेवलेलं उघडं पडलं. ते तिने फादरांनाही सांगितलं नव्हतं, धड स्वतःलाही नाही. आता सुनेला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि सांगण्यावर हक्क असला तर तो याच पोरीचा होता.

ती म्हणाली, की डबी रिकामी झाली होती मास्तरांच्या घरी. तिथून ती उठू शकत होती. पण तिला बरं वाटत होतं. दोन वर्षांनी पोरगा आपणहून दारात आला, उभा राहिला, हे बरं वाटत होतं. मनात आलं, मी दोन वर्षं वाट पाहिली, हा दोन तास पाहील. म्हणून दुसरा कप घेतला. “मला तो वाट बघत उभा असलेला आवडला,” मावशी म्हणाली. “चहाची घाई मी मुद्दाम केली नाही.”

सुनेने माफ केलं असंही नाही, उठून गेली असंही नाही. ती म्हणाली, की मुलगी साडेबाराला गेली. आणि साडेबारा म्हणजे मास्तरांच्या घरचा दुसरा कप, हा हिशोब मावशीला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, पाणी कुणी घातलं? घातलं का कुणी?

त्यानेच, असं सून म्हणाली. फाटकाशी तुम्ही मागे फिरताय का याची वीस मिनिटं वाट बघितली आणि धावत परत आला. औषध मोजायच्या इवल्याशा कपात नळाचं पाणी घेतलं. पाणी सांडू लागलं तशी नर्सने त्याचं मनगट धरलं. शब्द मात्र एकही चुकला नाही. मी चर्चची नाही, मला त्यातलं काही कळत नाही, पण मी त्याला अडवलं नाही. नाव तुमचं ठेवलं. मला तोवर तुमचं नावही माहीत नव्हतं.

आणि सुनेने ते नाव उच्चारलं. नवरा गेल्यापासून मावशीने ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती कपड्यांच्या ढिगाऱ्यावर डोकं टेकून रडली, आवाज करून, पोरीसारखी. सून उठली, तिने मावशीच्या पाठीवर हात ठेवला, आणि जाताना एका कागदावर दफनभूमीतल्या ओळीचा आणि जागेचा नंबर लिहून दिला. मुलाचा पत्ता दिला नाही. विचारून बघते, एवढंच म्हणाली.

आता रविवारी मावशीची बारा घरं असतात. बारावं घर दफनभूमीत आहे, भिंतीकडेची ओळ, दगड हाताच्या पंजाएवढा. तिथे द्यायला डबीत काही उरलेलं नसतं. ती नुसती बसते, कधी गवत उपटते, कधी मांजरीच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगते. तुझा बाप असा होता, म्हणते.

आणि वाटेत ती थांबते. डबी गळ्यात असतानाच थांबते, कुणीही हाक मारली तरी. कुणाला दुखणं सांगायचं असतं, कुणाला पँटची लांबी विचारायची असते. अकरा घरांना आता दोन वाजतात, आजारी माणसं कुरकुरतात, मास्तर तर रागावून बसतात. नव्या फादरांनी एकदा तिला हळूच नियमाची आठवण करून दिली. ती म्हणाली, “फादर, तो मी एकदा पाळलाय.” त्यांना काही कळलं नाही, तिने समजावलंही नाही.

गाणाऱ्या पोरी तिला अजून विनाथांबाच म्हणतात. गेल्या रविवारी फाटकातून बाहेर पडताना मागून एका तरुण माणसाचा आवाज आला, “जरा थांबा हं.” मावशी इतक्या झटकन वळली की तोच दचकला. त्याला बसस्टॉप कुठे आहे ते विचारायचं होतं. मावशीने त्याला नुसतं सांगितलं नाही, कोपऱ्यापर्यंत सोबत गेली, बस येईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिली, आणि मग छातीवर हात ठेवून पहिल्या घराकडे निघाली.